सोयरीक आणि सरहद्द

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शाळेच्या कार्यालयात एक जुना विद्यार्थी भेटायला आला. मोरजीकडचा मुलगा. दहावीला माझ्या इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचा. आता किनाऱ्यावर स्वतःचे छोटे खानावळवजा हॉटेल चालवतो. सोबत त्याची बायको होती, रशियन. कपाळाला टिकली, हातात हिरव्या बांगड्या आणि काखेत कागदांची जाडजूड फाईल.

"सर, शाळेच्या दाखल्यार बापायचें नांव वेगळें आसा, जल्म दाखल्यार वेगळें. फाईल परत आयली," तो म्हणाला.

चूक आमच्याच शाळेची होती. जुन्या रजिस्टरात कोणा कारकुनाने एक अक्षर गाळले होते, आणि त्या एका अक्षरापायी या दोघांचा संसार टेबलावर अडकून पडला होता. मी दुरुस्तीचा प्रस्ताव लिहायला घेतला. तोवर ती बाई भिंतीवरचा गोव्याचा नकाशा पाहत होती. मध्येच वळून तिने मोडक्या कोकणीत मला विचारले, "सर, आनीक किती वर्सां लागतली? हांव हांगाची केन्ना जातलीं?"

मी येथली कधी होणार? प्रश्न साधा होता, आणि त्याचे कायद्यातले उत्तर मला देता आले. पण ते दोघे निघून गेल्यावर माझ्या मनात आले, की हा प्रश्न आमच्या घरात नवा नाही. माझ्या आजीला तो विचारायला हवा होता. तिने तो विचारला नाही, आणि तिला कोणी तो विचारू दिला नाही.

आमच्या या सीमाभागाच्या इतिहासावर पुष्कळ लिहून झाले आहे. सत्याग्रहींच्या तुकड्या, पत्रादेवीचा गोळीबार, तेरेखोलच्या किल्ल्यावरचा तिरंगा, हे सारे याच अंकाच्या पानांवर वेळोवेळी आले आहे, आणि ते यायलाच हवे. पण ज्या सरहद्दीवर सत्याग्रही गेले, तीच सरहद्द शेकडो लेकीबाळी नांदायला म्हणून ओलांडत होत्या. परदेशी जोडीदार हा शब्द आज आपल्याला मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावरचा वाटतो. प्रत्यक्षात आपल्या पणज्या, आज्या याच कायद्याच्या भाषेत परदेशी वधू होत्या. त्यांची हकिगत सांगावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

*

सरहद्द आधी आली की सोयरीक, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे स्पष्ट आहे. सोयरीक आधी आली.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तिन्ही महाल सावंतवाडीच्या भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्यांपैकी डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. पेडणे १७८८ साली तहाने गेले. कोल्हापूरकरांच्या दडपणाने जेरीस आलेल्या खेम सावंतांना पोर्तुगीजांची मदत हवी होती आणि तिची किंमत म्हणून हा महाल द्यावा लागला. तेरेखोलचा किल्ला तर त्याही आधी, १७४६ साली, पोर्तुगीजांनी घेतला होता. नदीच्या उत्तर काठावर असूनही तो आजतागायत गोव्याचाच भाग आहे. या नव्या मुलखाला ‘नव्या काबिजादी’ असे नाव पडले.

तह राजांचा झाला. रयतेची शेते, कुळे, कुलदेवता आणि नातीगोती होती तिथेच राहिली. आरोंद्याची मुलगी किरणपाण्याला, नयबागची सातार्ड्याला, साळची दोडामार्गाला, बांद्याची तोरशाला, असा हा रिवाज पुढेही पावणेदोनशे वर्षे चालू राहिला. मधे तेरेखोलची नदी किंवा एखादा डोंगर. वऱ्हाड होडीतून उतरायचे आणि चालत मांडवात पोहोचायचे. नाक्यावरचा पहारेकरी फार तर दारूची बाटली किंवा तंबाखू शोधी. नवरीच्या पेटीत तो हात घालीत नसे.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, सातार्ड्याची. लग्न होऊन ती पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावी आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. साल १९३६. आमचे घर नदीपासून लांब नाही. मागच्या टेकडीवर चढले की पलीकडचा काठ दिसतो, माडांची रांग दिसते. आजी म्हणायची, संध्याकाळी माहेरच्या वाडीतले दिवे लागलेले दिसत. इतके माहेर जवळ.

इतके जवळ, आणि कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्या राज्यात.

*

पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाला. हिंदूंच्या रीतिरिवाजांना काही बाबतींत सूट देणारी संहिता १८८० साली आली, तरी मूळ चौकट त्या नागरी कायद्याचीच राहिली. गोव्यातल्या समान नागरी कायद्याची चर्चा निघते तेव्हा वारसाहक्क आणि पतिपत्नींचा मालमत्तेतला निम्मा वाटा यांविषयी बोलले जाते. त्याच कायद्यातले आणखी एक कलम मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पोर्तुगीज नागरिक कोण, हे सांगणाऱ्या अठराव्या कलमात, पोर्तुगीज नागरिकाशी लग्न करणारी परकी स्त्री ही पोर्तुगीज नागरिक होय, असे म्हटले होते. तिला अर्ज करावा लागत नव्हता. कोणी हमीदार लागत नव्हता, काही वर्षे राहून दाखवण्याचीही अट नव्हती. लग्न झाले की ती पोर्तुगीज झाली.

उलट दिशेलाही तोच न्याय होता. पोर्तुगीज स्त्रीने परक्याशी लग्न केले आणि नवऱ्याच्या देशाच्या कायद्याने ती त्या देशाची झाली, तर तिचे पोर्तुगीजत्व संपत असे.

ही केवळ पोर्तुगीजांची रीत होती असे कोणी समजू नये. त्या काळी बहुतेक जगाचा हाच शिरस्ता होता. १९१४ च्या ब्रिटिश कायद्याने ब्रिटिश प्रजाजनाची बायको ब्रिटिश आणि परक्याची बायको परकी ठरत असे. अमेरिकेत १९०७ च्या कायद्याने परक्याशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाई. तेथील स्त्रियांनी मतदानाचा हक्क मिळवल्यावर, १९२२ साली, तो कायदा बराचसा बदलून घेतला. विवाहित स्त्रीचे राष्ट्रीयत्व आपोआप नवऱ्यामागे जाऊ नये, असा करार संयुक्त राष्ट्रसंघाने १९५७ साली केला. तोवर सगळ्या सरकारांचे म्हणणे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसारखेच होते: बाईमाणसाचे गाव म्हणजे नवऱ्याचे गाव.

तर माझी आजी १९३६ साली पोर्तुगीज झाली. हे मला कळले ते फार उशिरा, आणि तेही आमच्या डिचोलीच्या पुतण्यामुळे. त्याची हकिगत पुढे येईल. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत तिच्या लग्नाची नोंद आहे. पोर्तुगीज भाषेतली, वळणदार अक्षरातली. नवऱ्याचे नाव, बापाचे नाव, नवरीचे नाव, आणि ती सावंतवाडी मुलखात जन्मलेली असल्याचा उल्लेख. सही नाही, कारण आजीला लिहिता येत नव्हते. गोव्यात आजही सिव्हिल रजिस्ट्रारसमोर नोंदवण्याच्या या लग्नाला ‘सही करणे’ म्हणतात. पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी सही. आमच्या आजीची सहीशिवायची सही झाली, आणि लिस्बनच्या दृष्टीने ती त्यांची नागरिक ठरली. पुढे मी एकदा तिला गमतीने म्हटले होते, "आजी, तुझे राज्य बदलले ते तुला कळले का?" ती म्हणाली, "लगीन झाला, मी हयची झालंय. राज्याचा माका कित्या?"

*

१९४७ पर्यंत या प्रकाराने कोणाचे फारसे अडले नाही. सावंतवाडी संस्थान आणि गोवा यांच्यामधली रेषा नकाशावर होती, पायाखाली जाणवत नव्हती. भारत स्वतंत्र झाला, १९४८ साली सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि तेरेखोलच्या दोन काठांवर दोन देश उभे राहिले.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिच्या पाचव्या कलमानुसार नागरिक ठरण्यासाठी भारताच्या भूमीत कायमचे वास्तव्य, ज्याला वकील ‘अधिवास’ म्हणतात, ते असणे आवश्यक होते. आणि १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे, की लग्नाने स्त्रीला नवऱ्याचा अधिवास प्राप्त होतो. सातार्ड्यात जन्मलेली, सातार्ड्यात वाढलेली माझी आजी अशा रीतीने भारताच्या पहिल्या नागरिकांच्या यादीबाहेर राहिली. तिचे सख्खे भाऊ त्या दिवशी भारताचे नागरिक झाले. ती पोर्तुगीज राहिली. परदेशी राहणाऱ्या मूळच्या भारतीयांना वकिलातीत नाव नोंदवण्याची सोय घटनेच्या आठव्या कलमात होती, आणि पणजीला भारताची वकिलात होतीही. पण चार लेकरांची आई, नाचणीची भाकरी टाकून, पणजीला कलम आठ शोधत जाणार होती थोडीच.

मग १९५३ साली भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ पासून सरहद्दीवर परवान्यांचे दिवस आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही गोव्यात शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसच्या वर माणसे मेली. पंजाबचे कर्नैलसिंग पत्रादेवीला पडले. देश पेटला. भारताने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले, व्यापार जवळजवळ थांबवला आणि १ सप्टेंबर १९५५ पासून वकिलाती बंद झाल्या. भारताचे गोव्यातले हितसंबंध इजिप्तने पाहावेत आणि पोर्तुगालचे भारतातले ब्राझीलने, अशी व्यवस्था झाली. सातार्डे आणि नयबाग यांच्यातल्या सोयऱ्यांची गाठ आता कैरो आणि रिओच्या मार्फत पडायची!

त्या नाकेबंदीचे वर्णन करताना गोव्यात अजूनही हॉलंडचे बटाटे आणि पाकिस्तानचा तांदूळ यांची आठवण निघते. पोर्तुगीज सरकारने बोटी भरून माल आणला आणि पोटाची सोय केली. पण नदीपलीकडच्या माहेराला पर्याय कोणत्याच बोटीतून आला नाही. चवथीला लेकीकडे ओझे पाठवायची रीत. ते ओझे येईना. लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो त्याला आपण मुराळी म्हणतो. परवान्याशिवाय मुराळी येऊ शकेना. चोरवाटा होत्या, रात्री होडी घालणारे लोक होते. पण दोन्हीकडच्या गस्तीमधून पोरेबाळे घेऊन बाईने जावे अशा त्या वाटा नव्हत्या.

१९५६ च्या थंडीत आजीचे वडील वारले. बातमी पोहोचली ती नवव्या दिवशी, मीठ-मिरच्यांची चोरटी ने-आण करणाऱ्या एका माणसाकडून. लग्न झालेल्या लेकीला बापाचे सुतक तीन दिवसांचे. ते केव्हाच सरले होते. आजी नदीवर गेली, पलीकडे तोंड करून डोक्यावरून पाणी घेतले आणि घरी येऊन चुलीला लागली. हे तिने मला सांगितले ते १९९१ साली, मी एम.ए.चा अभ्यास करीत होतो आणि सरहद्दीच्या नाकेबंदीवर टिपणे काढीत होतो तेव्हा. मी विचारत होतो तांदळाचा भाव काय होता, परवाना कोण देई. ती सांगत होती तिला दिसलेला धूर. प्रत्यक्षात नवव्या दिवशी धूर दिसणे शक्य नाही. मी तसे म्हणालो नाही. पण माझ्या वहीत मी तो उताराही घेतला नाही, कारण ‘पुरावा म्हणून ग्राह्य नाही’ असे मला वाटले. आज त्या वहीची मला लाज वाटते.

एका परीने पाहिले तर, करार न करता लग्न झाल्यामुळे सामान्यतः नवऱ्याच्या मालमत्तेतला निम्मा हक्क गोव्याच्या कायद्याने तिचा होता. कागदावर ती घराची अर्धी मालकीण होती, आणि स्वतःच्या बापाच्या अंगणात परकी होती.

*

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. डिचोलीच्या हद्दीतल्या मावळिंग्याच्या नाक्यावर तर आदल्या दिवशीच चकमक झाली होती. दोडामार्गाहून निघालेली एक तुकडी अस्नोड्यावरून थिवीकडे गेली. १९ तारखेला सारे संपले. वडील सांगत, चार दिवसांत नदीवर होड्यांची गर्दी झाली. पहिली होडी आजीच्या धाकट्या भावाची होती. सहा वर्षांचे ओझे त्याने एकदम आणले.

आनंदाच्या त्या दिवसांत कायद्याकडे कोणाचे लक्ष असणार? पण सरकारला ते द्यावे लागले. गोव्यातली माणसे आता कोण? २८ मार्च १९६२ रोजी भारत सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढला. त्याचा आशय असा: जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक जण, किंवा ज्याच्या आजी-आजोबांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मले असेल, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. ज्याला आधीचेच नागरिकत्व राखायचे असेल त्याने एका महिन्यात तसे लेखी कळवावे.

असे कळवणारे थोडे निघाले. त्यांतले फादर मोंतेरो यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जन्माने गोव्याचे, पोर्तुगीज नागरिकत्व राखले, मग परकीय म्हणून नोंद झाली, मुदतीचा वास्तव्य परवाना मिळाला. मुदत १९६४ मध्ये संपली, त्यांनी ती वाढवून मागितली नाही, शिक्षा झाली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्या भूमीत जन्म झाला त्याच भूमीत राहायला परवाना लागू शकतो, हे गोव्याने तेव्हा पाहिले.

आता त्या आदेशाची भाषा पुन्हा वाचा. नवऱ्याचा उल्लेख त्यात नाही. १८६७ च्या कायद्याने विचारले होते, ही कोणाची बायको? १९६२ च्या आदेशाने विचारले, ही जन्मली कुठे? तत्त्व म्हणून हे पुढचे पाऊल होते. पण पेडणे, डिचोली, सत्तरीच्या घरांत याचा अर्थ काय होतो? आजोबा गोव्यात जन्मलेले, ते भारतीय झाले. माझे वडील, काका, आत्या झाल्या. आणि मुळात भारताच्याच भूमीत जन्मलेली आजी? ती स्वतः सातार्ड्याची. आईबाप सातार्ड्याचे. आदेशाच्या अक्षराप्रमाणे घरातली ती एकटीच बाहेर राहत होती! १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाच्या बायकोला नाव नोंदवून नागरिक होता येत असे. पण त्यासाठी अर्ज हवा. असा अर्ज आमच्या घरातून कोणी केला नाही. तो करायचा असतो हेच कोणाला माहीत नव्हते.

हे कोडे मला अलीकडे पडले, आणि त्याचे उत्तर माझ्या आत्येने दिले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मी तिला आदेश वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अरे, आयेची आजी कोरगांवची न्हय?"

कोरगाव पेडण्यात. आजीच्या बापाची आई कोरगावची लेक, नदी ओलांडून सातार्ड्याला दिलेली. म्हणजे आदेशातल्या ‘आजी-आजोबांपैकी कोणीही’ या शब्दांत ती बसली! माझी आजी भारताची नागरिक झाली ती नवऱ्यामुळे नव्हे, बापामुळे नव्हे, सातार्ड्याच्या जन्मामुळेही नव्हे. तिच्या आधी दोन पिढ्या उलट्या दिशेने नांदायला गेलेल्या एका दुसऱ्या सुनेमुळे झाली. त्या बाईचे नाव आमच्या वंशावळीत नाही. आत्येलाही ते आठवले नाही.

*

आता डिचोलीच्या पुतण्याची हकिगत. तो मागे एकदा आला तो आजोबांच्या जन्माची नोंद शोधत. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये मान्य केले. पण मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. तो पासपोर्ट घेऊन गोव्यातली हजारो माणसे इंग्लंडमध्ये स्विंडनसारख्या गावी कामाला गेली आहेत. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप जाते, हे त्याला माहीत होते. त्याचा प्रश्न वेगळा होता. "काका, हिचें कितें?" त्याची बायको दोडामार्गची. पोर्तुगीज कायद्यात आता लग्नाने आपोआप काही मिळत नाही; तीन वर्षांच्या संसारानंतर तिला स्वतः जाहीर करून मागावे लागते. आणि इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, ज्यांचा संसार ३१ डिसेंबर २०२० नंतर सुरू झाला, त्यांना जोडीदाराला तिकडे नेण्यासाठी कमाईचा पुरावा द्यावा लागतो. एप्रिल २०२४ मध्ये ती मर्यादा वर्षाला २९,००० पौंडांवर गेली. पुतण्याने हिशेब केला आणि कागद गुंडाळून ठेवले. त्या शोधात आजीच्या लग्नाची नोंद तेवढी हाती लागली.

आणि आपला देश? अमेरिकेसारखे कायम वास्तव्याचे कार्ड आपल्याकडे नाही. परदेशी जोडीदाराने आधी मुदतीच्या व्हिसावर राहायचे. नवऱ्याने किंवा बायकोने हमीपत्र द्यायचे. नोंदवलेल्या लग्नाला सलग दोन वर्षे झाली की ओसीआय म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या कार्डासाठी अर्ज करता येतो. चौकशी होते. कार्ड मिळाले की आयुष्यभर ये-जा करता येते, राहता येते. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. लग्न मोडले तर कार्डही रद्द होऊ शकते. ज्यांचे आईबाप किंवा आजी-आजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक होते, त्यांना हे दार बंद आहे. पूर्ण नागरिकत्व हवे तर सात वर्षांचे वास्तव्य. १९५५ च्या मूळ कायद्यात ही सोय फक्त बायकांना होती. १९८६ साली ती नवऱ्यांनाही मिळाली, पण पाच वर्षे राहण्याच्या अटीसह. पुढे २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात झाली.

या अटी निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही. खोटी लग्ने होतात, किनारपट्टीवर राहणाऱ्यांना ते सांगायला नको. देशाने कोणाला घरात घ्यायचे ते तपासून घ्यावे. शिवाय आजच्या कायद्यात एक गोष्ट निश्चित चांगली आहे: अर्जावर त्या बाईची स्वतःची सही लागते. माझ्या आजीला न विचारता एका देशाने आपली म्हटले, दुसऱ्याने परकी म्हटले आणि मग पुन्हा आपली म्हटले. मोरजीच्या सुनेला निदान विचारतात. पण विचारणे आणि तिष्ठत ठेवणे यांत फरक आहे. शाळेच्या दाखल्यातल्या एका अक्षरासाठी एखादा संसार वर्षभर टांगता राहावा, ही तपासणी नव्हे. आणि ते अक्षर गाळणारे आपणच असतो, हे मी मुख्याध्यापक म्हणून कबूल करतो.

पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक आणि मोपाचा विमानतळ आज एकाच तालुक्यात आहेत. २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली. जिथे परवान्याअभावी मुराळी अडला, त्या पेडण्यात आता जगभरच्या पासपोर्टांवर शिक्के पडतात. नदीवर पूल आहे. सातार्ड्याला जायला मला पंधरा मिनिटे लागतात, आणि कोणी काही विचारत नाही.

त्या रशियन सुनेला मी त्या दिवशी उत्तर दिले होते: कार्डासाठी दोन वर्षे, नागरिकत्वासाठी सात. दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर होऊन आला, तो मी स्वतः तिच्या नवऱ्याच्या हाती दिला. फाईल पुन्हा गेली आहे.

यंदा नववीच्या मुलांना मी एक काम दिले. घरची वंशावळ आणायची, पण त्यात आई, आजी आणि पणजी यांची नावे आणि त्यांचे जन्मगाव लिहायचे. बऱ्याच वंशावळींत पणजीच्या जागी रेघ आली. पुरुषांची नावे सात-आठ पिढ्यांची आली, कुळासकट, मूळ गावासकट. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. या दिवाळीत घरातले जाणते माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसा आणि ती रेघ भरून घ्या. आमच्या घरच्या वहीत मी सध्या एवढेच लिहू शकलो आहे: ‘आजीची आजी. माहेर कोरगाव. नाव माहीत नाही.’